हिरव्या कफनीतला पोरगा

जुन्नर
सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

नवाबभाईस दस्तगीरचा सलाम.

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट चुलीत टाकलं नसशील तर पुढं वाच. तेरा वर्षांनी लिहितोय. मोठ्या भावाला ‘तुम्ही’ लिहावं असं ताहेरा म्हणते. ताहेरा म्हणजे माझी बायको, तू तिला पाहिलेलं नाहीस. पण तुला ‘तुम्ही’ लिहायला गेलो की हुबळीच्या रेल्वे कारखान्यातल्या एखाद्या साहेबाला अर्ज करतोय असं वाटायला लागतं. तेव्हा ‘तू’च.

भांडण मिटवायला लिहीत नाही. अम्माही ठीक आहे, घाबरू नकोस. मला फक्त एक विचारायचं आहे. आपल्या घरातलं ते चित्र तुझंच आहे ना?

हसू नकोस. तेच ते, दारासमोरच्या भिंतीवरचं. सहा वर्षांचा पोरगा, अंगात घोट्यापर्यंत हिरवी कफनी, गळ्यात लाल-पिवळा नाडा, हातात मोरपिसांचा कुंचा, आणि दोन्ही पाय डावे. चितारी चेहऱ्याचा उस्ताद होता, डोळे तर असे काढलेत की खोलीत कुठंही उभं राहा, पोरगा तुमच्याकडंच बघतो. पण पायांशी आला आणि घाईला आला असावा. त्या दोन डाव्या पायांवरून गल्लीतल्या पोरांनी तुला किती पिडलं ते तू विसरला नसशील. मी तर मुळीच विसरलो नाही, कारण पिडणाऱ्यांत मी पुढं होतो.

झालं असं. अब्बांनी केलेली ती जुनी चौकट वाळवीनं खाल्ली. मी चित्र दुकानात आणलं. (हातकागदाचा धंदा बुडाला तो बुडालाच. आता मी काचा बसवतो, तसबिरींना चौकटी करतो. जुन्नरातल्या निम्म्या देवांना माझ्याच चौकटी आहेत.) काल रविवार, बाजाराचा दिवस. एक बाई दुकानात आली. साठीकडं झुकलेली, डोक्यावर पदर, हातात मुलाच्या लग्नाचा फोटो. फोटोला काच बसवायची होती. बोलता बोलता तिची नजर मागच्या भिंतीकडं गेली आणि ती मटकन खालीच बसली. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं. पाणी घेतलं नाही. म्हणाली, “आमचा धर्मा तुमच्याकडं कसा आला?”

मी म्हटलं, “बाई, हा माझा थोरला भाऊ आहे. नवाब.”

ती म्हणाली, “भाऊ, तुमचा भाऊ तुमाला ठावं. पन ह्यो धर्माजी हाय. माझ्या पाठचा. ह्याला मी कडंवर खेळवलाय.”

तिचं नाव साळुबाई. माहेर राजुरीचं, दिली आंबेगाव तालुक्यात, पारगावला. तिच्या पाठीवर आईची चार पोरं ओळीनं गेली, तेव्हा तिनं नवस केला की हे जगलं तर पाच मोहरम त्याला फकीर करीन. मोहरमचे दहा दिवस पोराला हिरवी कफनी घालायची, गळ्यात नाडा बांधायचा आणि त्याच्या हातानं पाच घरची भिक्षा मागायची. तिसऱ्या वर्षी बापानं, हौशीराम पाटलानं, पुण्याहून चितारी आणून त्या वेशात पोराचं चित्र काढून घेतलं. पुढच्याच वर्षी पोर तापानं गेलं.

आता नवाबभाई, हिंदू घरातली नवसाची पोरं मोहरमात फकीर होतात हे जुन्नरात कुणाला ठाऊक नाही? मलाही ठाऊक आहे. दर साली आपल्या दारात यायचीच की भिक्षेला. पण आपल्याच भिंतीवरचा पोरगा तसला असेल हे कसं सुचावं? मुसलमानाच्या घरात हिरव्या कफनीतला पोरगा, म्हणजे तो घरचाच. कालपासून मात्र उलटं डोक्यात घोळतंय. आपल्या कागद्यांच्या घरांत पोराला फकीर कधी कुणी केलंय? मला केलं नाही. तुला केलं होतं का? चितारी आला होता का? तासन्‌तास उभं राहिल्याचं आठवतं का? तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, एवढं आठवायला हरकत नाही.

बाईला मी म्हटलं, चौकशी करून सांगतो. ती पुढच्या रविवारी येणार आहे. सोबत जबाबी कार्ड आहे. पत्ता मीच घातलाय, तुला फक्त हो की नाही लिहायचं आहे. आणि यावं वगैरे लागणार नाही.

दस्तगीर


जुन्नर
शनिवार, १९ फेब्रुवारी १९५५

नवाबभाईस,

कार्ड मिळालं. दीड ओळ! रेल्वेत शाईसुद्धा मोजून देतात वाटतं. ‘बसवल्याचं आठवत नाही. अब्बा म्हणाले मी, म्हणून मी.’ हे काय उत्तर झालं? मला हो किंवा नाही हवं होतं आणि तू माझ्यासारखाच लटकत राहिलास.

आणि खालच्या अर्ध्या ओळीत तू भलतंच विचारलंस. अब्बा आठ दिवस अंथरुणावर बोलेनासे होऊन पडले होते, तेव्हा मला तार का केली नाही. अरे बाबा, साल कुठलं होतं? बेचाळीस. सगळीकडं तारा तोडत होते, खांब पाडत होते. तार पोचली नसेल, त्याला मी काय करू? तो विषय आज नको. मी चित्राचं विचारतोय.

चौकट उघडली. खाली काही नाही. रंग आहे, कापड आहे, संपलं.

तसं पाहिलं तर ती चौकट मला लहानपणापासून खटकायची. अब्बांचा हात किती साफ होता ते तू पाहिलंयस. कागदाच्या लगद्यातून साचा उचलायचे तर चार कोपरे सारखे यायचे. आणि त्याच माणसानं चौकटीच्या तीन पट्ट्या दोन बोटं रुंद आणि खालची चार बोटं रुंद केली. नाकापेक्षा मोती जड. मी धंद्यात पडल्यावर त्यांना एकदा म्हणालोही होतो, सारखी करून देतो. एवढे संतापले की दोन दिवस बोलले नाहीत.

साळुबाई मागच्या रविवारी परत आली. येताना हरभऱ्याचे डहाळे घेऊन आली, पाहुण्यांकडं जावं तशी. दुकानात चित्रासमोर अर्धा तास बसून राहिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मग म्हणाली, “भाऊ, खरं सांगू का? मला त्याचं त्वांड आठवंना झालं व्हतं. नाव घ्यायची, पन डोळ्यापुढं कायबी येत न्हवतं. लई लाज वाटायची, म्यां खेळवल्यालं पोर आन् मला त्वांड आठवंना. त्या दिवशी तुमच्या दुकानात बघितलं आन् समदं आलं. त्याचा आवाज बी आला.”

मी विचारलं, तुमच्या घरातलं चित्र आमच्याकडं येईलच कसं? ती म्हणाली, नवस अर्ध्यात मोडला, पोर गेलं, म्हणून बापानं नवसाची एक वस्तू घरात ठेवली नाही. कफनी, नाडा, मोरपिसं, चित्र, सगळं बांधून ताबुताबरोबर नदीत थंड करायला दिलं. जुन्नरचा ताबूत तेव्हा जो करायचा त्याच्याकडं.

ताबूत अब्बाच करायचे, ते तुला सांगायला नको. पण म्हणून काय झालं? ताबूत करणाऱ्याकडं पन्नास नवस येतात. दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं असेल. बाईची चूकही होत असेल. बेचाळीस वर्षांनी पोराचा चेहरा ओळखणारी बाई चुकू शकत नाही का? चुकू शकते.

ती म्हणाली, “द्या असं म्हनत न्हाई. पन द्याल का?”

मी काच कापायला घेतली. काय सांगू तिला? तू गेल्यापासून अम्मा त्या चित्राशीच बोलते. सकाळी उठली की ‘नवाब, उठला का’ म्हणते. भाकरी झाली की त्याच्याकडं बघून ‘जेवला असशील का रे’ म्हणते. गावाला दुसरंच सांगते. गावात तुझं नाव निघालं की म्हणते, ज्यानं बापाला माती दिली नाही तो माझा कोण? आणि घरी येऊन पुन्हा त्या पोराशी बोलते. आता चित्र पंधरा दिवस दुकानात आहे तर भिंतीवरच्या खिळ्याकडं बघून बोलते. ते चित्र उचलून मी पारगावला कसं देऊ? आणि ते तुझं नसेल, तर ती इतकी वर्षं कुणाशी बोलत होती?

मला खरंच काही कळेनासं झालंय. तू नीट आठव. नीट आठवून मोठं पत्र लिही.

दस्तगीर


जुन्नर
बुधवार, २ मार्च १९५५

नवाबभाई,

तुझं उत्तर नाही. मीही उत्तराची वाट न बघता लिहितोय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चौकट उघडली तेव्हा खाली काही नाही असं म्हटलं ते खोटं. ती चार बोटांची पट्टी काढली आणि तिच्या खाली काळ्या रंगात अक्षरं होती, चिताऱ्याच्या हातची: ‘चि. धर्माजी हौशीराम पाटील, राजुरी, सन १९१२.’ अब्बांनी पट्टी रुंद का केली ते मला तिथंच कळलं. तरी तुला लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते खाली येईलच, मला टप्प्याटप्प्यानं येऊ दे.

काल मी ती अक्षरं पुन्हा बघितली, दुकान बंद केलं आणि घरी गेलो. अम्मा तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, अम्मा, ते चित्र नवाबचं नाही. मला वाटलं होतं ती कोसळेल. ताहेराला हाताशी उभी करून ठेवली होती. अम्मानं सुपातला खडा काढला, बाजूला टाकला आणि म्हणाली, “मला ठावं हाय.”

अम्माची भाषा तुझ्या कानात असेलच, इतकी वर्षं जुन्नरात काढून माहेरचं निमगाव सावा तिच्या जिभेवरून हललं नाही. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“पाटलानं बोचकं आनून दिलं. तुझा बाप ताबुतासंगं नदीवर ग्येला. कफनी टाकली, बुडाली. नाडा टाकला, ग्येला. मंग चित्र टाकलं. ते बुडंना. कापड फळीवर ताणल्यालं, ते तरंगाया लागलं, आन् पोराचं त्वांड वर. कुकडीचं पानी त्याच्या डोळ्यावरनं जातंय आन् त्यो वर बघतोय. तुझा बाप गळ्याइतक्या पान्यात शिरला आन् घिऊन आला. भिजून चिंब. मला म्हनला, बिबिजान, पोर बुडंना, मी काय करू?”

मी विचारलं, मग नवाबचं नाव का लावलं?

“दुसऱ्या दिशी शेजारनीनं इचारलं, ह्ये कुनाचं? पाटलाची वस्तू पाटलानं पान्यात टाकाया दिली, आनि ह्येनं घरात आनली, कसं सांगायचं? नवाब दारात खेळत व्हता. ह्यो म्हनला, आमचा नवाब. येकदा म्हनला, मंग म्हनतच राह्यला. मी किती भांडले. मेल्याच्या अंगावर जित्याचं नाव घालू नगा म्हनलं. नवाब घर सोडून ग्येला तवा ह्यो मला म्हनला, बघ, लागलं.”

म्हणजे तू धंदा सोडून जाताना अब्बा तुझ्याशी भांडले, साचे आपटले, ‘गिरणीचा कागद घाल माझ्या कबरीवर’ म्हणाले, आणि तू गेल्यावर आत येऊन स्वतःलाच शिक्षा झाली असं मानून बसले. आणि अम्माला हे सगळं माहीत होतं, तरी ती त्या पोराशी तुझं नाव घेऊन बोलत राहिली. मी तिला म्हटलं, ठाऊक असून कशी बोलायचीस? ती म्हणाली, “मंग कुनाशी बोलू? तुझ्याशी?”

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. लहानपणापासून मला ते लागतच आलंय. ईदला पाहुणे आले की आधी चित्रापुढं उभे. ‘अरे वा, हा नवाब! केवढा गोरा!’ मग तुझा गाल ओढायचे. तू काळाच होतास, पण ‘उन्हानं रापला’ म्हणून सगळे मान डोलवायचे. आणि शेवटी माझ्याकडं बघून, ‘हा कोण?’ मी एकदा अब्बांना म्हणालो होतो, माझंही चित्र काढा. ते नुसते हसले. बापानं थोरल्यासाठी पुण्याहून चितारी आणला आणि धाकट्यासाठी आणला नाही, हे मी उराशी धरून वाढलो. तू घर सोडून गेलास तरी भिंतीवर तूच. कागदाचा लगदा मी तुडवायचा, अब्बांचे पाय मी चेपायचे, आणि घरात चित्र तुझं.

आता ऐक. अब्बांचं बोलणं बंद झालं त्या दिवशी अम्मानं मला तार करायला पाठवलं. नवाबला लिही, लगेच निघ. मी पोस्टात गेलो. फॉर्म भरला. तुझं नाव, हुबळी, सगळं. बेचाळीस साल होतं हे खरं, इकडंतिकडं तारा तुटत होत्या हेही खरं. पण त्या दिवशी लाइन चालू होती. तारबाबू मला म्हणाला, “आत्ता चालू हाय, द्या लवकर, परत कवा जाईल सांगता येत न्हाई.”

मी दिला नाही. चार महिने मी त्या माणसाचं सगळं केलं होतं, नवाबभाई. उचलून बसवायचं, पुसायचं, भरवायचं. आणि मी भरवत असताना ते माझ्याकडं बघायचे नाहीत. माझ्या खांद्यावरून त्या चित्राकडं बघायचे. डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते चित्राकडं बघायचे. त्या सकाळीही तसंच झालं होतं. मला वाटलं, आता हा येईल, आठ दिवस बसेल, रडेल, आणि सगळं गाव म्हणेल बघा, थोरला आला तेव्हा बापाचा जीव सुखानं गेला. मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. घरी येऊन अम्माला सांगितलं, तार केली. आठ दिवस ती दाराकडं बघत होती. तू आला नाहीस. तिनं ठरवलं, तार मिळूनही आला नाही.

तीन महिन्यांनी, कुणाकडून तरी कळल्यावर, तुझं पत्र आलं, शिव्यांनी भरलेलं. ते मी तिला वाचून दाखवलं नाही. ‘खुशाल आहे म्हणतो, एवढंच’ असं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं गावात तुझं नाव टाकलं.

आता कळलं ना, पट्टीखालची अक्षरं मी का लपवली? ज्याचा मी चाळीस वर्षं मत्सर केला तो तू नव्हतासच. तो राजुरीचा एक मेलेला पोर होता. अब्बा मरताना तुझ्याकडं बघत नव्हते. पाटलाला दिलेला शब्द आपण पाळला नाही, पोराला ना पाण्यात सोडलं ना घरी पोचवलं, म्हणून बघत असतील. किंवा नुसतेच बघत असतील. मला काय माहीत? त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्याकडं बघत नाहीत एवढंच मी बघितलं. आणि त्यापायी तुझा बाप तुला शेवटचा बघू दिला नाही.

मला राग यायला हवा की रडू, तेही समजत नाही. कधी वाटतं अब्बांवर चिडावं. एक शब्द खरा बोलले असते तर काय बिघडलं असतं? मग वाटतं, तू कुणाला बोलतोस? तुझ्या खिशात काय होतं?

अम्माला तारेचं सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. एवढंच जमलं.

दस्तगीर


जुन्नर
सोमवार, २८ मार्च १९५५

नवाबभाई,

तू लिहीत नाहीस ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. पण या वेळचं पत्र माझं नाही. ते कुणाचं आहे ते शेवटी येईल. आधी काय घडलं ते सांगतो, नाहीतर तुला उलगडा होणार नाही.

गेल्या शुक्रवारी आम्ही चित्र पारगावला पोचवलं. ठरवलं अम्मानंच. म्हणाली, “तुझ्या बापाचं राह्यलेलं काम हाय. मी येती.” मी चित्राला नवी चौकट केली, चारी पट्ट्या सारख्या, खालची अक्षरं उघडी ठेवली. मंचरपर्यंत एस.टी.नं गेलो, पुढं साळुबाईनं बैलगाडी पाठवली होती. कंडक्टर म्हणाला, चित्र वर टपावर टाका. अम्मा म्हणाली, “पोराला टपावर टाकतोस व्हय?” आणि सबंध वाट मांडीवर घेऊन बसली. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण चित्र खाली ठेवलं नाही.

साळुबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. चित्र आत नेऊन पाटावर ठेवलं आणि हळद-कुंकू हातात घेऊन घुटमळली. अम्माला म्हणाली, “लावू का? का फकीर हाय म्हनून नगं?”

अम्मा म्हणाली, “तुजा भाऊ हाय. लाव.”

दोघी त्याच्यापुढं बसल्या. मी उंबऱ्याशी. साळुबाई म्हणाली, “आक्का, इतकी वर्सं तुमी ह्याला सांबाळलं. काय म्हनून हाक मारायच्या?”

“नवाब.”

“आन् तुमचा नवाब कुठं असतो?”

अम्मा म्हणाली, “त्यो आमचा ऱ्हायला न्हाई. बाप आठ दिस पडला व्हता. तार केली. आला न्हाई. मातीला बी आला न्हाई. पोटचा तसला, आनि ह्यो परका, पन ह्यो कवा भिंत सोडून ग्येला न्हाई.”

ती हे सहज म्हणाली. तिनं ते शंभरदा म्हटलंय, जुन्नरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या परक्या बाईच्या घरात, त्या पोरापुढं ते ऐकलं आणि मला राहवेना. साळुबाई ‘अरेरे’ म्हणाली. तिनं तुला कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, आणि तिच्या मनात तू कायमचा वाईट मुलगा झालास. मी म्हटलं, “अम्मा, तार गेली नव्हती. मी केलीच नाही. फॉर्म भरला आणि खिशात ठेवला.”

तिनं विचारलं, का? एवढंच. मी सांगायला लागलो, चित्र, अब्बांचे डोळे, चार महिने. सांगता सांगता माझं मलाच कळलं की हे कारण मोठ्यानं बोललं तर किती लहान होतं. मी मध्येच थांबलो. साळुबाई उठून आत चहा टाकायला गेली. शहाणी बाई आहे.

अम्मा चित्राकडं वळली आणि म्हणाली, “धर्मा, येते रं.” त्याच्या खऱ्या नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. परतीच्या वाटेवर गाडीत आणि एस.टी.त ती खिडकीच्या बाजूला तोंड करून बसली. मी दोनदा पाणी विचारलं. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

काल सकाळी मला समोर बसवलं. म्हणाली, “कागद घे. मी सांगती तसं लिव. येक अक्षर बदलू नगं.” खाली आहे ते तिचं आहे.

‘नवाब, मी तुजी आई बिबिजान बोलती. लिवनारा तुजा भाऊ हाय. तेरा वर्सं म्यां तुला बोल लावला. गावात तुजं नाव टाकलं. ते माझं चुकलं. तुला तार ग्येलीच न्हवती, ती ह्यानं खिशात ठिवली. तुजं पत्र आलं ते बी ह्यानं मला वाचलं न्हाई, काल ताहेराला सांगितलं त्यानं. मी त्याला माफ केलं न्हाई. करनार बी न्हाई, कारन ती माफी माजी न्हाई. बाप तुजा ग्येला, तुला न बघता ग्येला. तू ये, आनि ह्याला माफ कर न्हाईतर घराबाहेर काढ. मी आड येनार न्हाई. तवर मी ह्याच्या हातचं पानी पीत न्हाई. भिंतीवर आता कुनी न्हाई. मी कुनाशी बोलत न्हाई. तुजी आई.’

हे लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि ताहेराला दिला. म्हणाली, “तू वाच. ह्यानं काय गाळलं का बघू.” ताहेरानं वाचलं, खाली मान घालून. काही गाळलेलं नव्हतं. तरी ‘खिशात’ हा शब्द अम्मानं दोनदा वाचून घेतला.

इथून पुढं माझं. तिला ठाऊक नाही, पाकिटात घालण्यापूर्वी लिहितोय.

ती पाण्याचं खरंच पाळते. घरात पाणी मीच भरतो, म्हणून घरातलं पाणीच घेत नाही. ताहेरा म्हणाली, मी भरून आणते, तर म्हणाली, “नवऱ्याचं बायकोनं भरायचं न्हाई.” शनिवारपासून रोज सकाळी स्वतः कळशी घेऊन मशिदीजवळच्या आडावर जाते. दोर ओढताना मध्येच थांबून दम घेते. बायका ओढून द्यायला धावतात, त्यांनाही नको म्हणते. येताना दोनदा टेकते, एकदा पोस्टाच्या पायरीवर आणि एकदा आपल्या बोळाच्या तोंडाशी. मी मागून दहा पावलांवर चालतो. मी जवळ गेलो की ती कळशी या कडेवरून त्या कडेवर घेते.

नवाबभाई, मला माफ करायला नको येऊस. तिचं पाणी भरायला ये.

दस्तगीर